कोल्हापूरचे संभाजीराजे साताऱ्याच्या गादीवर आले असते तर : १७४९ च्या वारसाप्रश्नाचा प्रकरण अभ्यास

१५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू छत्रपती साताऱ्यात वारले, तेव्हा त्यांच्या पोटी वारस नव्हता, आणि ज्याला वारस म्हणून पुढे आणले गेले होते तो तेवीस वर्षांचा तरुण अजून साताऱ्यात पोहोचलेलाही नव्हता. ४ जानेवारी १७५० रोजी तोच तरुण रामराजा या नावाने गादीवर बसला, आणि अकरा महिन्यांच्या आत ज्या ताराबाईंनी त्याला आपला नातू म्हणून उजेडात आणले त्यांनीच त्याला सातारच्या किल्ल्यात कैदेत टाकले. हे असेच घडणे भाग होते काय, आणि त्या डिसेंबरात गादी दुसऱ्या उमेदवाराकडे गेली असती तर भोसल्यांच्या घराण्याचे पुढे काय झाले असते, हा या अभ्यासाचा विषय आहे. यासाठी एक बंधन सुरुवातीलाच घालून घेतले आहे. मूळ घटनाक्रमातील एकच दुवा बदलायचा, आणि बाकीची माणसे, त्यांची वये, त्यांचे वैर आणि त्यांचे मृत्यू जसेच्या तसे ठेवायचे. हे बंधन नसेल तर पर्यायी इतिहास म्हणजे आवडत्या माणसाला जिंकवून देण्याचा खेळ होतो.

उमेदवार आणि त्यांचे पाठीराखे

शाहू महाराजांसमोर तीन वाटा होत्या. पहिली नागपूरकर भोसल्यांची. रघूजी भोसल्यांचे घर राणी सगुणाबाईंच्या माहेरच्या नात्यातले होते, म्हणून रघूजींच्या मुलाला दत्तक घ्यावे असा विचार काही काळ चालला होता. परंतु नागपूरकरांचा आणि शिवाजी महाराजांच्या घराण्याचा संबंध निर्विवादपणे दाखवता येत नव्हता, आणि १७४८ मध्ये सगुणाबाई वारल्यावर या पर्यायाला दरबारात कोणी वाली उरला नाही. त्याचा विचार येथे पुढे केलेला नाही.

दुसरी वाट रामराजाची. ताराबाईंचे म्हणणे असे होते की, त्यांचा मुलगा शिवाजी कैदेत असताना जन्मलेले हे मूल गुपचूप बाहेर काढून बार्शीजवळच्या पानगावी वाढवले होते. यातला विरोधाभास समकालीनांच्याही नजरेतून सुटला नसावा. १७०७ मध्ये मोगलांच्या कैदेतून सुटून आलेल्या शाहूला ताराबाईंनी तोतया ठरवले होते, आणि त्यावरून खेडची लढाई झाली होती. चार दशकांनंतर त्याच ताराबाई त्याच शाहूला सांगत होत्या की कुणी न पाहिलेला हा मुलगा खरा आहे, विश्वास ठेवा.

तिसरी वाट कोल्हापूरच्या संभाजीराजांची. राजाराम महाराज आणि राजसबाई यांचे हे चिरंजीव, शाहूंचे सख्खे चुलतभाऊ, त्या वेळी पन्नाशी ओलांडलेले. रक्ताचा निकष लावला तर यांच्याइतका जवळचा आणि निःसंशय वारस दुसरा नव्हता. परंतु शाहूंच्या मनात या घराबद्दलची तेढ जुनी होती. १७२७-२८ मध्ये निजामाने खरा छत्रपती कोण हे आधी ठरू द्या असे म्हणत चौथाई (महसुलातला मराठ्यांचा चौथा हिस्सा) अडवली होती आणि संभाजीराजांना आपल्या छावणीत घेतले होते; पालखेडला बाजीरावांनी निजामाला कोंडले तेव्हा तो डाव उधळला. १७३० मध्ये वारणाकाठी संभाजीराजांच्या तळावर छापा पडला आणि ताराबाई, राजसबाई व संभाजीराजांच्या राणी जिजाबाई शाहूंच्या सैन्याच्या हाती लागल्या. शाहूंनी राजसबाईंना आणि जिजाबाईंना मानाने परत पाठवले. ताराबाई मात्र साताऱ्यातच राहिल्या, कारण कोल्हापुरात १७१४ पासून त्या आणि त्यांचा मुलगा याच सवतीच्या आणि सावत्र मुलाच्या कैदेत होते. पुढच्या वर्षी वारणेचा तह झाला, नदीच्या दक्षिणेचा मुलूख कोल्हापूरकडे राहिला, आणि दोन गाद्या कायम झाल्या.

अखेरच्या दिवसांत शाहूंनी आपल्या हातच्या दोन चिठ्ठ्या नानासाहेब पेशव्यांना दिल्या. राज्याचा कारभार तुम्ही चालवावा, फौज धरावी, पुढे गादीवर जो वंश बसेल त्याच्या आज्ञेत राहावे, आणि कोल्हापूरचे करू नये, म्हणजे कोल्हापूरच्या घरातला वारस साताऱ्याच्या गादीवर बसवू नये, असा त्यांचा आशय. या अभ्यासात जो दुवा बदलायचा तो हा शेवटचा निषेध आहे.

हा दुवा बदलणे कितपत शक्य होते

पर्यायी मांडणीत पहिली शंका शक्यतेची असते, आणि येथे पुरावा अनपेक्षितपणे अनुकूल आहे. संभाजीराजे १७४० च्या सुमारास साताऱ्यास आले होते तेव्हा नानासाहेब आणि चिमाजीअप्पा यांनी त्यांच्याशी गुप्त करार केला होता की, शाहूंच्या पश्चात दोन्ही गाद्या संभाजीराजांकडेच एकत्र याव्यात. म्हणजे कोल्हापूरचे करण्याची कल्पना पेशव्यांना परकी नव्हती. ती त्यांनीच एकदा कागदावर आणली होती. दुसरीकडे राणी सकवारबाई शेवटपर्यंत रामराजाला तोतया मानत होत्या, आणि प्रतिनिधी या छत्रपतींच्या वरिष्ठ मंत्र्यांच्या पक्षाला हाताशी धरून संभाजीराजांनाच आणण्याच्या खटपटीत होत्या. एकमेकांचे पाय ओढणाऱ्या दोन पक्षांचा उमेदवार एकच होता, ही गोष्ट या प्रकरणात मला सर्वांत विलक्षण वाटते.

मग हे जुळले का नाही? माझ्या मते यामागे दोन कारणे होती. एक म्हणजे शाहूंचा निषेध लेखी होता, आणि नानासाहेबांचा सारा अधिकार शाहूंच्याच हातच्या कागदावर उभा राहणार होता. त्यातला अर्धा कागद पाळून अर्धा मोडणे त्यांना परवडणारे नव्हते. १७४७ मध्ये शाहूंनी नानासाहेबांना काही आठवडे पेशवाईवरून दूर केले होते आणि मग पुन्हा वस्त्रे दिली होती, तेव्हा गादीच्या शब्दाची किंमत त्यांना ताजी माहीत होती. दुसरे कारण असे की, सकवारबाईंच्या पक्षाने संभाजीराजांना आणले असते तर ते पेशव्यांच्या विरोधातले छत्रपती ठरले असते. उमेदवार तोच, पण तो कोणाच्या पालखीतून येतो याला महत्त्व होते. शाहूंच्या मृत्यूनंतर सकवारबाई सती गेल्या, आणि ते त्यांनी स्वेच्छेने केले नसून त्यांच्यावर दडपण आणले गेले असे जुन्या लेखनात नोंदलेले आहे. चितेवर गेलेली ती बाई कोल्हापूर पक्षाची प्रमुख होती हे लक्षात घेतले म्हणजे त्या दडपणाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

म्हणून चिठ्ठीतला निषेध काढून टाकला की तीन गोष्टी एकदम बदलतात. नानासाहेब १७४० चा करार उघडपणे पाळू शकतात, सकवारबाईंना विरोधाचे कारण उरत नाही, आणि त्यांच्या चितेची कोणाला गरज उरत नाही.

एक गादी, दुहेरी दरबार

समजा, जानेवारी १७५० मध्ये संभाजीराजे पन्हाळ्याहून साताऱ्यास आले आणि त्यांचा राज्याभिषेक झाला. पहिली अडचण तलवारीची नव्हे, बैठकीची आली असती. रामराजा एकटा आला होता, त्याच्यामागे दरबार नव्हता. संभाजीराजांमागे चाळीस वर्षे मुरलेले आख्खे राजमंडळ होते : विशाळगडचे प्रतिनिधी, बावड्याचे अमात्य, कापशीचे सेनापती घोरपडे. साताऱ्यात प्रतिनिधी आधीच होते, आणि भोरचे सचिवही. एका गादीपुढे दोन प्रतिनिधी कसे उभे राहणार, कोणाची मुजऱ्याची जागा वर आणि कोणाची खाली, हा प्रश्न आज किरकोळ वाटेल. पण अठराव्या शतकात सरंजाम (चाकरीबद्दल तोडून दिलेला मुलूख) आणि मान यांची गाठ इतकी घट्ट होती की जागा गेली म्हणजे त्यामागचा मुलूखही जाणार अशी भीती असे. विशाळगडकरांना गप्प करण्यासाठी पेशव्यांना काहीतरी द्यावे लागले असते, आणि ते बहुधा साताऱ्याच्या प्रतिनिधींच्या वाट्यातून निघाले असते. प्रत्यक्षातही जगजीवन प्रतिनिधी आणि त्यांचे मुतालिक (त्यांच्या वतीने कारभार पाहणारे) यमाजी शिवदेव १७५० मध्ये पेशव्यांशी भिडलेच. पर्यायी मांडणीत ते अधिक लवकर आणि अधिक कडवटपणे भिडले असते.

या गोंधळात पेशव्यांना एक सोय होती, आणि ती बहुतेक विवेचनांत दुर्लक्षित राहते. इचलकरंजीच्या घोरपडे घराण्यात बाजीरावांची बहीण अनूबाई दिलेली होती. कोल्हापूरच्या सीमेवरचे हे घर पेशव्यांचे सोयरे होते, आणि दोन दरबारांच्या वाटाघाटी याच वाड्यातून झाल्या असत्या असे मानायला जागा आहे.

दुसरी अडचण ताराबाईंची, आणि ती खरी मोठी होती. ज्याने सोळा वर्षे कैदेत ठेवले त्या सावत्र मुलापुढे मुजरा करण्यासाठी सत्तरी ओलांडलेल्या ताराबाई तयार झाल्या असत्या, हे कोणत्याही मांडणीत पटणारे नाही. रामराजा त्यांच्याजवळ होताच. तेव्हा मूळ इतिहासात २४ नोव्हेंबर १७५० रोजी त्यांनी रामराजाला किल्ल्यात अडकवले, त्याऐवजी येथे त्यांनी त्याच किल्ल्यावर त्याला छत्रपती म्हणून उभे केले असते, आणि दमाजी गायकवाडांना बोलावण्यासाठी तीच पत्रे गुजरातकडे गेली असती. दमाजी प्रत्यक्षात आले, वेण्णाकाठी हरले आणि १७५१ मध्ये पेशव्यांच्या कैदेत पडले. पर्यायात त्यांचा पराभव टळला असता असे वाटत नाही, कारण दोन्ही बाजूंची फौज बदललेली नाही. गडावरची बाई आणि खालची पेठ यांच्यातला तिढा मात्र अधिक लांबला असता.

शपथेचा प्रसंग

येथे थोडे थांबावेसे वाटते, कारण वारसा सिद्ध कसा होत असे हे याच प्रकरणात अगदी जवळून दिसते. त्या काळी जन्माचा दाखला नव्हता. दाखला म्हणजे माणसांनी देवासमोर किंवा अन्नासमोर उच्चारलेला शब्द. रामराजाच्या बाबतीत ताराबाईंनी मराठा जातीच्या मंडळींसमक्ष त्याच्याबरोबर एका पात्रात जेवावे, आणि त्या अन्नाची शपथ घेऊन हा माझाच नातू असे सांगावे, अशी अट घातली गेली होती असे इतिहासकार ग्रँट डफने लिहून ठेवले आहे. सहभोजन ही रक्ताची कसोटी होती, कारण परक्या कुळातल्या मुलाबरोबर एका पात्रात हात घालणे म्हणजे आपलेच कूळ बुडवणे.

आणि सप्टेंबर १७५२ मध्ये याच ताराबाईंनी जेजुरीला खंडोबासमोर शपथेवर सांगितले की रामराजा आपला नातू नाही, तो कोणी गोंधळी आहे. एकाच तोंडातून दोन शपथा, दोन्ही गंभीर, दोन्ही दैवतांच्या साक्षीने. पेशव्यांनी दुसरी शपथ ऐकून घेतली, ताराबाईंशी समेट केला, आणि तरीही रामराजालाच छत्रपती म्हणून ठेवले. एक प्रकारे त्यांना हेच सोयीचे होते : ज्याच्या जन्मावर डाग आहे तो राजा स्वतःहून कधी आज्ञा देणार नाही.

संभाजीराजांच्या बाबतीत ही सोय नव्हती. त्यांचा जन्म, त्यांची आई, त्यांचा बाप हे सर्व निर्विवाद होते, आणि जेजुरीची कोणतीही शपथ त्यांना गोंधळी ठरवू शकली नसती. यावरून काहीजण असा निष्कर्ष काढतात की संभाजीराजे आले असते तर छत्रपतींचा अधिकार परत आला असता. मला हा निष्कर्ष मान्य नाही. नागपूर, बडोदे, माळवा येथील सरदार आपापल्या मुलखाची वसुली स्वतः करीत होते. गादीच्या हातात उरले होते ते शिक्का, वस्त्रे आणि सनदा. रघूजी भोसल्यांना नानासाहेबांनी सनदा देऊनच आपल्याकडे ठेवले. संभाजीराजांना शिक्का मिळाला असता, पण ज्या मुलखाच्या सनदेवर तो उमटायचा तो मुलूख आधीच वाटला गेला होता. वारणेच्या तहानंतर अठरा वर्षे दक्षिणेच्या आपल्या वाट्यातही ज्यांना फारसे हलता आले नाही, त्यांनी पन्नाशीनंतर अटक ते कटक पसरलेली दौलत आवरली असती असे मानणे म्हणजे त्यांच्याकडून फारच अपेक्षा करणे होय.

डिसेंबर १७६०

या पर्यायी मांडणीतील खरा आघात पुढेच आहे. संभाजीराजेही निपुत्रिक होते, आणि ते डिसेंबर १७६० मध्ये वारले. गादीचा प्रश्न त्यांच्या निवडीने सुटला नसता. तो अकरा वर्षांनी पुढे गेला असता, आणि नेमका अशा महिन्यात येऊन पडला असता की त्याहून वाईट महिना शोधून सापडणार नाही. भाऊसाहेब पानिपतावर अब्दालीसमोर अडकलेले, रसद तुटत चाललेली, आणि पैठणला नानासाहेबांचे दुसरे लग्न लागलेले. या क्षणी मराठ्यांची एकमेव गादी रिकामी झाली असती. मग १४ जानेवारी १७६१ ला पानिपत, जूनमध्ये पर्वतीवर नानासाहेबांचा मृत्यू.

मूळ इतिहासात नानासाहेबांनंतर सोळा वर्षांच्या माधवरावांना साताऱ्याच्या छत्रपतींकडून पेशवाईची वस्त्रे मिळाली. ही केवळ औपचारिकता नव्हती. १७७४ मध्ये चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावांसाठीही ती साताऱ्याहून पुरंदरावर आणावी लागली. वस्त्रे देणारा छत्रपतीच नसेल, किंवा दोन दावेदार असतील, तर माधवराव आणि रघुनाथराव यांच्यातला वाद घरातल्या भांडणापुरता राहिला नसता. प्रत्येकाने आपापला छत्रपती धरून आपापली वस्त्रे घेतली असती. आणि दोन दावेदार असतेच. एक किल्ल्यावर ताराबाईंच्या ताब्यातला, आता चौतीस वर्षांचा रामराजा. ताराबाई डिसेंबर १७६१ पर्यंत हयात होत्या. दुसरा, जिजाबाईंनी घ्यायचा दत्तक.

जिजाबाई काय करतील याचा तर्क करावा लागत नाही, कारण त्यांनी ते कोल्हापुरात करून दाखवले. पतीच्या मृत्यूनंतर नानासाहेबांनी कोल्हापूरचा मुलूख खालसा करू पाहिला, तेव्हा त्यांनी सवत कुसाबाई गरोदर असल्याचे जाहीर करून वेळ काढला, पेशव्यांच्या माणसांना दाद दिली नाही, आणि शेवटी १७६२ मध्ये माधवरावांची मान्यता मिळवून खानवटकर भोसल्यांच्या घरातील मुलगा दत्तक घेतला. हीच बाई साताऱ्याच्या वाड्यात असती तर हीच युक्ती तेथे खेळली असती, फक्त डावावर सबंध दौलत लागली असती. माझ्या मते शेवट त्याच मुलावर झाला असता, कारण रामराजाला त्याच्या जन्माबद्दलची शंकाच आडवी आली असती, आणि माधवरावांना वीस वर्षांखालच्या दत्तकापेक्षा सोयीचा छत्रपती मिळाला नसता.

दोन गाद्यांचा हिशेब

यानंतरचा भाग थोडक्यात सांगता येतो, कारण एकदा गादी एकच उरली की पुढचा मार्ग ओळखीचा होतो. पेशव्यांच्या पहाऱ्यातला छत्रपती, १८१८ मध्ये अष्टीच्या लढाईत इंग्रजांच्या हाती पडणे, १८१९ च्या तहाने इंग्रजांनी बांधून दिलेले छोटे राज्य. प्रत्यक्षात प्रतापसिंहांच्या वाट्याला हेच आले. १८३९ मध्ये ते पदच्युत झाले, त्यांचे भाऊ शहाजी ५ एप्रिल १८४८ रोजी वारले, मृत्युशय्येवर घेतलेला दत्तक डलहौसीने नामंजूर केला आणि सातारा खालसा झाले. त्यामागे युक्तिवाद असा होता की हे राज्य कंपनीनेच निर्माण केले असल्याने दत्तक मान्य करण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार कंपनीचा.

कोल्हापूरला तो युक्तिवाद जसाच्या तसा लागू पडत नव्हता. त्या राज्याशी कंपनीने १८१२ मध्ये आधीपासून असलेले राज्य म्हणून तह केला होता. ते कोणी बांधून दिलेले नव्हते. पेशवाई बुडाली तेव्हा कोल्हापूर तिच्याबरोबर बुडाले नाही, कारण १७३१ पासून ते तिच्या बाहेर होते. भाऊबंदकीने घराणे कमकुवत केले हे निजामाच्या उदाहरणावरून नाकारता येत नाही, पण त्याच भाऊबंदकीने घराण्याची दुसरी फांदी पेशवाईच्या पडझडीतून दूर ठेवली, हेही तितकेच खरे. १७४९ मध्ये दोन्ही गाद्या एक झाल्या असत्या, तर १८४८ च्या एका नकाराने सगळेच संपले असते.

आणि मग १८७० मध्ये फ्लॉरेन्सला वारलेले कोल्हापूरचे राजाराम महाराज नसते, त्यांच्यामागून झालेले दत्तविधान नसते, आणि मार्च १८८४ मधील ते दुसरे दत्तविधानही नसते ज्यात कागलच्या जयसिंगराव घाटग्यांच्या थोरल्या मुलाचे नाव बदलून शाहू ठेवले गेले. राज्यातील निम्म्या नोकऱ्या मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवणारा २६ जुलै १९०२ चा जाहीरनामा काढायला कोल्हापुरात राजाच उरला नसता. यशवंतराव घाटगे कागलची जहागीर सांभाळीत राहिले असते, आणि पंचगंगेकाठचा मुलूख मुंबई इलाख्यातल्या एखाद्या कलेक्टरच्या कचेरीतून चालला असता.